संस्थेला पक्षाचा रंग लागला की नुकसान कुणाचं होतं?



"आपल्या गटात राजकारण नको" हे वाक्य आपण सगळ्याच बोलतो. पण नको म्हणजे नेमकं काय नको? ग्रामसभेत उठून पाण्याचा प्रश्न मांडणं हेसुद्धा राजकारणच आहे. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणी गटाच्या बैठकीत बोलायला शिकल्या आणि पुढे सदस्य झाल्या, सरपंच झाल्या. ते चांगलंच झालं. ते राजकारण आपल्याला हवंच आहे.

नको ते वेगळं. दवाखाना, बँक, शाळा, रेशन दुकान, ग्रामसंघ ही प्रत्येक संस्था एका कामासाठी उभी राहते आणि तिचे काही नियम असतात. ते नियम बाजूला सारून "हा आपला, तो त्यांचा" असं बघून काम व्हायला लागलं, किंवा संस्थेचं नाव वापरून कुणी आपला दुसराच डाव साधायला लागलं, की त्याला संस्थेचं राजकीयीकरण म्हणतात. शब्द अवघड आहे, पण अनुभव सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

हे फक्त गावात होतं असं समजू नका. जगभर काम करणाऱ्या मोठ्या संस्थांचंही असंच होतं. त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून या अंकात त्यातली काही खरी उदाहरणं घेतली आहेत.

भांडण बाहेर ठेवलं, म्हणून देवी गेली

तुमच्या आजीच्या किंवा सासूबाईंच्या हातावर मोठे गोल वण बघितले असतील. ते देवीची लस टोचल्याचे. देवीचा रोग आज जगात कुठेच नाही. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत तसं जाहीर झालं.

हे घडलं तो काळ कसा होता? अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर अणुबाँब रोखून बसले होते. आरोग्य संघटनेवर रुसून रशिया १९४९ मध्ये बाहेरही पडला होता. तो परत आला आणि १९५८ साली रशियाच्याच प्रतिनिधीनं सभेत प्रस्ताव मांडला की, देवीचा रोग जगातून घालवूया. १९६७ पासून मोहिमेला जोर आला. मोहिमेचा प्रमुख अमेरिकन होता आणि लशीचे कोट्यवधी डोस रशियानं दिले. भारतात देवीचा इथलाच शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला.

दोघांचं वैर संपलं होतं का? मुळीच नाही. पण लशीच्या कामात ते आणायचं नाही, एवढं दोघांनी पाळलं. म्हणजे भांडणारी माणसंसुद्धा एका कामापुरती एकत्र येऊ शकतात. पक्ष वेगवेगळे असलेल्या दहा जणी एका गटात बसतात, ते असंच.

भांडण आत आलं, तेव्हा काय झालं?

आता उलटी गोष्ट बघा. आफ्रिकेत नायजेरिया नावाचा मोठा देश आहे. २००३ साली तिथल्या उत्तर भागातल्या काही राज्यांनी पोलिओचे डोस थांबवले. डोसमुळे मुली वांझ होतात, हा परदेशी डाव आहे, अशी अफवा होती.

नुसत्या अफवेवर सरकार डोस थांबवत नाही. त्याआधी बरंच साचलं होतं. १९९६ मध्ये एका परदेशी औषध कंपनीनं त्याच भागातल्या कानो शहरात मेंदूज्वराची साथ चालू असताना आजारी मुलांवर नव्या औषधाची चाचणी केली होती. त्यावरून लोकांचा राग होता. शिवाय देशाची निवडणूक नुकतीच झाली होती आणि उत्तरेकडचा उमेदवार हरला होता. केंद्र सरकारची म्हणून जी वस्तू येईल तिच्यावर संशय, असं वातावरण होतं. डोस हा सरकारशी भांडायचा मुद्दा झाला. कानो राज्यात तो जवळजवळ वर्षभर बंद राहिला. शेवटी इंडोनेशिया या मुस्लिम देशात बनलेली लस आणल्यावर, २००४ मध्ये काम पुन्हा सुरू झालं.

पण तोवर पोलिओ पसरला होता. तो वीसएक देशांत पोचला. खुद्द इंडोनेशियात दहा वर्षं पोलिओ नव्हता. २००५ मध्ये तिथं तीनशेच्या आसपास मुलं लुळी पडली. भांडण झालं नायजेरियातल्या पुढाऱ्यांचं. त्या मुलांचा त्यात काय संबंध होता?

दुसरी गोष्ट पाकिस्तानातली. २०११ मध्ये अमेरिकेची गुप्तहेर संस्था ओसामा बिन लादेनला शोधत होती. तो अबोटाबाद शहरात लपल्याचा संशय होता. त्याच्या घरच्यांचा नमुना मिळावा म्हणून एका डॉक्टरला हाताशी धरून काविळीच्या लसीकरणाचं नाटक रचलं गेलं. ते पुढे उघड झालं. त्यानंतर तिथल्या काही भागात दहशतवाद्यांनी पोलिओच्या डोसवरच बंदी घातली. डिसेंबर २०१२ मध्ये कराची आणि पेशावर भागात डोस पाजायला निघालेल्या कार्यकर्त्यांवर गोळ्या झाडल्या. मेलेल्यांमध्ये बायका आणि तरुण मुली होत्या. थोड्याशा भत्त्यावर दारोदार फिरणाऱ्या, आपल्या आशा ताईंसारख्याच. २०१२ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ५८ रुग्ण होते, २०१४ मध्ये ३०६ झाले. लसीकरणाचा असा वापर यापुढे करणार नाही, असं अमेरिकेच्या सरकारनं २०१४ मध्ये कळवलं. पण गेलेला विश्वास पत्र लिहून परत येत नाही.

दोन्ही गोष्टींत एक सारखेपण आहे. ज्यानं संस्था वापरली त्याला भोगावं लागलं नाही. भोगलं ते दारात उभ्या असलेल्या बाईनं आणि घरातल्या लेकरानं.

गेलेला विश्वास कुणी परत आणला?

आपल्या देशातही ही अफवा होती. उत्तर प्रदेशात अनेक घरांची दारं डोसवाल्यांना बघून बंद व्हायची. पोरं आता वांझ होतील, हे आमची संख्या कमी करायचं कारस्थान आहे, असं लोक म्हणायचे. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते.

मग काय केलं? पोलीस पाठवून दार उघडलं असतं, पण तोंड उघडलं नसतं. त्याऐवजी त्याच मोहल्ल्यातल्या, त्याच समाजातल्या बायकांना तयार केलं. त्या घरोघर गेल्या, बसल्या, ऐकून घेतलं. मशिदीतून मौलवींनी सांगितलं. फक्त डोसच का आणता, जुलाबाचं औषध का आणत नाही, हा लोकांचा प्रश्न खरा होता. म्हणून ओआरएस, हात धुणं, बाकीच्या लसी हेही सोबत नेलं. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांवर आशा ताईंचा गौरव केला, तो अशाच कामासाठी. मोठ्या संस्थेचा शब्द खरा ठरतो तो ओळखीच्या बाईच्या तोंडून. म्हणून तर त्या बाईवर कुठल्या पक्षाचा शिक्का बसू नये.

पैसा ज्याचा, शब्द त्याचा

आता संस्थेच्या तिजोरीकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेला सभासद देश वर्गणी देतात. पण २०२५ पर्यंत ठरलेल्या वर्गणीतून तिच्या खर्चाचा पाचवा हिस्सासुद्धा भागत नव्हता. बाकी सगळं देणगीतून यायचं आणि देणगी देणारे बहुतेक वेळा सांगायचे, "हा पैसा याच कामाला."

आपल्या गटाचा विचार करा. शंभर रुपयांतले वीससुद्धा बचतीचे नाहीत आणि ऐंशी बाहेरच्या कुणाचे आहेत. मग कर्ज कुणाला द्यायचं हे कोण ठरवेल?

सगळ्यात जास्त पैसा अमेरिका द्यायची. करोनाच्या काळात संघटना चीनच्या कलानं वागली असा आरोप करून अमेरिकेनं २०२० मध्ये बाहेर पडण्याची नोटीस दिली. सरकार बदललं आणि २०२१ मध्ये ती मागे घेतली. पुन्हा सरकार बदललं आणि २० जानेवारी २०२५ ला परत बाहेर पडण्याचा आदेश निघाला. संघटनेच्या पुढच्या दोन वर्षांच्या खर्चाचा आराखडा ५३० कोटी डॉलरवरून ४२० कोटींवर आणावा लागला. संघटनेच्या चुका असतील, त्या दाखवल्याच पाहिजेत. पण एका देशातली निवडणूक कोण जिंकतं यावर दुसऱ्या देशातल्या बाळंतिणीचं औषध ठरावं, हे धोक्याचं आहे. मे २०२५ मध्ये सभासद देशांनी आपली ठरलेली वर्गणी वाढवायचं मान्य केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, बचत वाढवली.

गटाच्या दारापर्यंत: आंध्रची गोष्ट

या सगळ्या लांबच्या गोष्टी झाल्या. आता बचत गटांचीच गोष्ट ऐका. आंध्र प्रदेशातले महिला गट देशात नावाजलेले. तिथं अजून त्यांना जुन्या योजनेच्या नावानं ड्वाक्रा गट म्हणतात. बायका वेळेवर हप्ता फेडतात, म्हणून बँका त्यांना बोलावून कर्ज द्यायच्या.

२०१४ च्या निवडणुकीत गटांचं कर्ज माफ करू असं आश्वासन आलं. साहजिकच अनेक गटांनी हप्ते थांबवले. माफ होणारच आहे तर भरायचं कशाला? निवडणूक झाली. पूर्ण माफी काही मिळाली नाही. पुढे प्रत्येक सभासदाला दहा हजार रुपये मदत म्हणून टप्प्याटप्प्यानं मिळाले. तोवर न भरलेल्या हप्त्यावर व्याज चढलं आणि चांगले गट बँकेच्या वहीत थकबाकीदार झाले. २०१९ च्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षानं सांगितलं, मतदानाच्या दिवशी गटाकडे जेवढी बाकी असेल तेवढी चार टप्प्यांत देऊ. तसे पैसे २०२० पासून दिलेही.

पैसे मिळाले याचा बायकांना आनंद झाला असणार. पण हिशोब मांडून बघा. बाकीप्रमाणे पैसे, म्हणजे जिनं पोटाला चिमटा घेऊन हप्ता फेडला तिला कमी आणि जिचा थकला तिला जास्त. पुढच्या खेपेला वेळेवर कोण भरेल? बँक कर्ज देते ती आपल्या परतफेडीच्या भरवशावर. तो भरवसा बायकांनी वर्षानुवर्षं दहा-वीस रुपये टाकून उभा केला आहे. कुठल्याही पक्षानं तो दिलेला नाही आणि मोडला तर कुठलाही पक्ष भरून देणार नाही.

आपण काय सांभाळायचं?

पुढच्या गोष्टी बैठकीत बोला, पटल्या तर ठराव करून नोंदवहीत लिहा.

१. सभेची गर्दी: "उद्या सभा आहे, गटाच्या बायका पाठवा" असा निरोप येतो. ज्या ताईला जायचं तिनं खुशाल जावं, तो तिचा हक्क आहे. पण गटाच्या नावानं निरोप फिरवायचा नाही, आणि न जाणारीला दंड किंवा "कर्ज मिळणार नाही" अशी धमकी द्यायची नाही.

२. कर्जाचा क्रम: गरज आणि परतफेड बघून बैठकीत सगळ्यांसमोर क्रम ठरवा. कुणाचा फोन आला म्हणून क्रम बदलला तर कारण नोंदवहीत लिहा. लिहायची लाज वाटत असेल तर बदलू नका.

३. निवडणुकीला उभी राहणारी ताई: तिला शुभेच्छा द्या. पण प्रचार चालू असताना गटाची किंवा ग्रामसंघाची सही, शिक्का, कार्यालय तिच्या हातात असावं का, हे आधीच ठरवा. ती आपली आहे म्हणून नियम सैल करू नका.

४. माफीची बातमी: भाषणातली माफी म्हणजे माफी नाही. बँकेचं लेखी पत्र हातात येईपर्यंत हप्ता चालू ठेवा. हप्ता चुकला तर व्याज सवलतही हातची जाऊ शकते.

५. स्वतःची बचत: बाहेरचा निधी घ्या, तो आपला हक्क आहे. पण मासिक बचत बंद पडू देऊ नका. गटाचा शब्द गटाच्याच पैशावर उभा राहतो.

६. तक्रार आणि बदनामी यातला फरक: दवाखान्यात, शाळेत, बँकेत चूक दिसली तर तारीख घालून लेखी विचारा. संस्था आपली आहे म्हणूनच विचारायचं. "सगळे चोर आहेत" असं बोलून आपण तिला सुधारत नाही, उलट ती वापरणाऱ्याला मोकळं रान देतो.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या गावात कुठल्या संस्थेवर सगळ्यांचा विश्वास आहे? तो कशामुळे टिकला?
• पक्षाच्या वादामुळे एखादीचं काम अडलं असं गावात झालं आहे का? तेव्हा आपण काय केलं?
• आपल्या गटाच्या एकूण रकमेत स्वतःची बचत किती आणि बाहेरचा पैसा किती? वही उघडून आजच बेरीज करा.
• ज्या ताईचं आणि आपलं मत एकाच पक्षाला पडत नाही, तिला कर्जाची गरज असेल तर तिचं नाव पुढे करायला आपण तयार आहोत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यानं देऊ नका हवं तर. पण मनातल्या मनात खरं द्या.