राय सेंटर, पोलीस ठाणे आणि आपण

बोथ परिसरातील आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गोंड, कोलाम आणि लंबाडा शेजाऱ्यांसोबत राहत आली आहेत. बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी एका दमात बोलल्या जातात. कचेरीतला कागद मात्र तेलुगू किंवा इंग्रजीत असतो. त्यामुळे ठाण्यात वा कोर्टात जाताना शेजारी आपल्यापैकी कुणाला तरी सोबत बोलावतात. अशा वेळी नेमके काय सांगावे आणि कुठे जावे, हे सभासदांना माहीत असावे म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

गावचा न्याय

गोंड गावात तंटा आधी पटलाकडे जातो. तिथे मिटला नाही, तर अनेक गावांचे मिळून असलेल्या राय सेंटरपुढे येतो. त्याच्या प्रमुखाला सारमेडी म्हणतात. बांधाचा वाद, पिकात शिरलेली जनावरे, सोयरीक, काडीमोड अशा गोष्टी इथे सर्वांसमक्ष ऐकल्या जातात. दंड होतो, पण खरा भर असतो तो दोन्ही घरांनी पुन्हा एकमेकांकडे जाण्या-येण्यावर. वकील लागत नाही, गाडीभाडे लागत नाही आणि बोलणे आपल्या भाषेत होते.

भाषा शिकलेले अधिकारी

१९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर आदिवासींचा असंतोष समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले. १९४३ मध्ये मारलावाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबारही त्याच काळातला. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी आदिलाबादेत अधिकारी असताना गोंडी शिकले. पुढे इतिहासकार म्हणून नावाजलेल्या या मराठी माणसाने गोंडी आणि कोलामी या भाषांवर लिहिलेही.

हा संवाद तुटला की काय होते, हेही या जिल्ह्याने पाहिले आहे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृत्यूंचा आहे, लोक त्याहून कितीतरी अधिक सांगतात. तेव्हापासून ठाण्याबद्दल जी धास्ती बसली, ती अनेक घरांत अजून आहे.

कायदा काय म्हणतो

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपण्याचा अधिकार दिला आहे. याचा अर्थ सगळेच गुन्हे पंचांपुढे मिटवता येतात असा नाही. खून, बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार ही प्रकरणे पोलिसांकडेच गेली पाहिजेत. बालकांच्या बाबतीत तर माहिती असूनही न कळवणे हाच गुन्हा ठरतो. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कोणत्याही पंचायतीने आडकाठी आणणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्यानुसार तोंडी दिलेली तक्रार लिहून घेतल्यावर सही करण्याआधी तक्रारदाराला वाचून दाखवणे आणि तिची प्रत देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो.

मदत कुठे मिळते

अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही सोय विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ ची. चौकशीसाठी १५१०० हा मोफत क्रमांक आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५ मध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी स्वतंत्र योजना आणली. गावोगावी कायद्याची ओळख करून देणे, आदिवासींमधूनच विधी स्वयंसेवक तयार करणे आणि आदिवासींचे प्रश्न हाताळणाऱ्यांना त्यांच्या चालीरीतींची जाण देणे, ही तिची मुख्य कामे.

आम्हाला यातली विधी स्वयंसेवकाची बाजू सर्वांत मोलाची वाटते. अर्ज लिहून देणारा, तारखेला सोबत जाणारा, गोंडीत समजावणारा माणूस गावातच असेल तर निम्मी भीती तिथेच जाते. ठाण्यात नव्याने आलेल्या अधिकाऱ्यालाही पटला कोण, सारमेडी कोण आणि कोणत्या गोष्टी गावात मिटतात हे ठाऊक असले, तर किरकोळ वादाला गुन्ह्याचे रूप येत नाही. आणि गंभीर गुन्हा गावातच दडपलाही जात नाही.

आपली जबाबदारी

दुभाषा म्हणून गेलात, तर शेजारी जे बोलला तेच सांगा, आपले मत त्यात मिसळू नका. ‘मारले’ आणि ‘मारायला आला’ यांतल्या फरकाने कलम बदलते. कागद समजावून दिल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नका.

दुसरी गोष्ट थेट आपल्याशी निगडित आहे. १९५९ चा जमीन हस्तांतरण नियम आणि त्यातली १९७० ची दुरुस्ती यांनुसार अनुसूचित क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीने विकत घेणे निरर्थक ठरते. साध्या कागदावरचा करार किंवा पंचांची साक्ष यांनी ते कायदेशीर होत नाही. व्यवहाराआधी आपले गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का, हे महसूल कचेरीत विचारून घ्यावे. जमिनीच्याच प्रश्नावर जोडेघाट आणि इंद्रवेल्ली घडले, हे आपण विसरून चालणार नाही.

ज्या सभासदांना गोंडी किंवा कोलामी चांगली येते, त्यांनी विधी सेवा समितीकडे जाऊन स्वयंसेवकाच्या कामाची चौकशी जरूर करावी. तसेच आपल्या ओळखीच्या गोंड आणि कोलाम तरुण-तरुणींनाही सोबत न्यावे. या कामावर पहिला हक्क त्यांचा आहे.