‘फराळ’ शब्दाचा अर्थविस्तार आणि दिवाळीतील घरगुती क्रियापदे

मराठीत ‘फराळ’ हा शब्द दोन परस्परविरुद्ध प्रसंगी योजला जातो. एकादशीला घरातील वडील मंडळी ‘फराळाचे’ खातात, म्हणजे उपवास पाळतात. आणि दिवाळीत शेजारी ‘फराळाला या’ म्हणून बोलावतात, म्हणजे लाडू, करंज्या, चकल्यांचे भरलेले ताट पुढे ठेवतात. एकच शब्द निग्रहाच्या दिवशीही चालतो आणि सुग्रास खाण्याच्या दिवशीही चालतो, याचे बोलणाऱ्यास कधी नवल वाटत नाही. भाषेच्या अभ्यासकास मात्र ते वाटावयास हवे.

व्युत्पत्तीविषयी अडचण नाही. संस्कृत ‘फलाहार’ या शब्दातील ‘ह’ लोपून ‘फलार’ असे रूप होते. त्यातील ल आणि र यांची अदलाबदल होऊन, म्हणजे वर्णविपर्यय होऊन, आणि दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा मराठीच्या नियमाप्रमाणे ‘ळ’ होऊन ‘फराळ’ सिद्ध होतो. फल-फळ, काल-काळ या जोड्यांत तोच नियम दिसतो. दीपावलीची दिवाळी होताना तोच लागला आहे. गुजरातीतही ‘फराळ’ आहे, परंतु तेथे तो उपवासापुरताच राहिला; ‘फराळी’ म्हणजे उपासाला चालणारे. हिंदीतील ‘फलाहारी’चेही तसेच. दिवाळीच्या ताटापर्यंत हा शब्द पोचला तो मराठीतच.

हा अर्थ असा वळला कसा? फळाशी त्याचा संबंध फार पूर्वीच सुटला असला पाहिजे. उपवासाच्या फराळात आज साबुदाणा असतो, वऱ्याचे तांदूळ असतात, शेंगदाणे आणि बटाटे असतात. यांपैकी एकही वस्तू फळ नव्हे, आणि बटाटा, शेंगदाणा व ज्यापासून साबुदाणा करतात तो कसावा ही तिन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेली. शब्दाने ‘फळ’ टाकले, पण एक गोष्ट टाकली नाही. फराळ म्हणजे जेवण नव्हे. पाण्यात शिजवलेला भात, वरण, भाजी, पोळी यांनी होते ते जेवण. त्याखेरीज जे खावयाचे ते फराळ. हा नकारात्मक अर्थच या शब्दाचा खरा गाभा होय. उपवासाच्या दिवशी जेवण वर्ज्य म्हणून फराळ. दिवाळीत जेवणाची वेळ नसताना आल्यागेल्यासमोर ठेवावयाचे म्हणूनही फराळ. दोन्ही अर्थ एकाच मुळातून फुटले आहेत, एकातून दुसरा उलटून निघालेला नाही.

या भेदामागे स्वयंपाकघराचे जुने नियमही आहेत. पाण्यात शिजवलेल्या अन्नास सोवळ्या-ओवळ्याचे आणि खरकट्याचे निर्बंध कडक असत. तुपातेलात तळलेल्या पदार्थांना ते बरेच सैल. प्रवासाला निघताना पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून ‘दशम्या’ करीत, त्याचे कारणही हेच. ज्या दोन घरांत परस्परांकडे भात खाण्याचा व्यवहार नव्हता, त्यांच्यातही रुमालाने झाकलेले फराळाचे ताट जाऊ शके, आणि रिकामे परत पाठवू नये या रीतीमुळे उलट वाटेने येऊही शके. ही सैलता सर्वांपर्यंत पोचत नव्हती, हे विसरून चालणार नाही. अस्पृश्य ठरवलेल्या घराकडे ताट गेलेच तर ते दान म्हणून जाई. तेथून ताट परत येणे या रीतीत बसत नसे. सणाच्या गोडव्याचे वर्णन करणारे लेख बहुधा हा भाग वगळतात.

‘फराळा’सारखाच अर्थाचा प्रवास केलेला दुसरा शब्द गोव्यात, नाताळच्या पंगतीला सापडतो. पोर्तुगीज भाषेत ‘कोंसुआदा’ म्हणजे उपवासाच्या दिवशी रात्री घ्यावयाचा हलका आहार. नाताळची पूर्वसंध्या हा पूर्वी उपवासाचा दिवस असे. म्हणून त्या रात्रीच्या खाण्यास हे नाव मिळाले, आणि पुढे ते भरपूर मेजवानीचे झाले. गोव्यातील ख्रिस्ती घरांत हाच शब्द नाताळच्या गोड पदार्थांच्या ताटाला, आणि ते ताट शेजाऱ्यांकडे धाडण्याच्या रीतीला लागला. मंगळूरकडील ‘कुस्वार’ हा शब्दही याच पोर्तुगीज शब्दापासून आल्याचे सामान्यतः मानले जाते. या ताटात दोदोल असतो, बेबिंका असते, आणि नेवऱ्याही असतात. नेवरी म्हणजे घाटावरची करंजी. गोव्यातील हिंदू घरांत तीच नेवरी चवथीला व दिवाळीला होते, आणि सणासणाला दोन्ही बाजूंनी ताटे जातात. उपवासाचे हलके खाणे, ते भरगच्च होणे, आणि शेवटी ते घराबाहेर वाटले जाणे, असे तीन टप्पे दोन निरनिराळ्या भाषांतील शब्दांनी स्वतंत्रपणे ओलांडले आहेत. जे पूर्ण जेवण नाही, तेच सहजपणे उंबरठ्याबाहेर पडते, असा अर्थ यातून काढल्यास तो ओढूनताणून काढलेला ठरू नये.

ताटातील पदार्थांची नावे पाहू गेल्यास तेथेही सरमिसळच आढळते. ‘लाडू’ हा ‘लड्डुक’चा सरळ वंशज. ‘शंकरपाळे’ पाहून शंकराची आठवण होते, पण मूळ शब्द फारसी ‘शकरपारा’, म्हणजे साखरेचा तुकडा; मराठी कानाने अपरिचित ‘शकर’मध्ये एक अनुस्वार घातला आणि पदार्थाला देवाचे नाव मिळाले. लोकव्युत्पत्तीचे इतके सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकातही विरळा. ‘चकली’ चक्रापासून आली असे सहज वाटते, आणि गुजरातीने तर ‘चकरी’ म्हणून तसे रूपच करून टाकले. परंतु कन्नडमधील ‘चक्कुली’ समोर ठेवली की ही समजूत इतकी सरळ राहत नाही. अंगणातील ‘रांगोळी’ ही ‘रंगावली’, म्हणजे दिवाळीची सख्खी बहीण. एकीत ‘आवली’चे ‘आळी’ झाले, दुसरीत ‘ओळी’. वर टांगलेल्या ‘आकाशकंदिला’त आकाश संस्कृत आणि कंदील अरबी.

तिथींच्या नावांत जुने ध्वनी टिकून आहेत. ‘पाडवा’ म्हणजे प्रतिपदा, ‘वसुबारस’मधील ‘बारस’ म्हणजे द्वादशी, आणि ‘भाऊबीज’मधील ‘बीज’ म्हणजे द्वितीया. हिंदीत याच द्वितीयेची ‘दूज’ झाली. संस्कृत ‘द्व’मधला ‘द’ हिंदीने राखला, मराठीने व गुजरातीने ‘व’कडून ‘ब’ घेतला. बारा, बावीस यांतही तोच ‘ब’ आहे. अकोले भागातील आदिवासी वस्त्यांत वसुबारसेच्या दिवशीच ‘वाघबारस’ असते. एकीकडे गायवासराची पूजा आणि दुसरीकडे वाघोबाची, तिथी एकच. नरकचतुर्दशीला घरगुती बोलण्यात कोणी नरकचतुर्दशी म्हणत नाही. ती ‘पहिली आंघोळ’. त्या आंघोळीचे ‘उटणे’ हे ‘उद्वर्तना’चे रूप, हिंदी ‘उबटन’चे भावंड.

नामांचा विचार व्युत्पत्तिकारांनी पुष्कळ केला आहे. क्रियापदांकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात स्वयंपाकघरात जी मराठी चालते तिचे बळ क्रियापदांतच आहे. लाडू ‘वळतात’, चकल्या ‘पाडतात’, शेवही ‘पाडतात’, कडबोळी ‘वळतात’, अनारसे ‘थापतात’, चिरोटे ‘लाटतात’, शंकरपाळे ‘कापतात’, करंज्या ‘भरतात’ आणि ‘मुरडतात’, चिवडा ‘परततात’. पदार्थागणिक क्रियापद निराळे. तळणे हा बहुतेकांत समान व्यापार असूनही ‘आज चकल्या तळल्या’ असे क्वचितच म्हणतात. ज्या कृतीत हाताचे कसब लागते तिचेच नाव संपूर्ण पदार्थाच्या सिद्धतेला दिले जाते. ‘मुरड’ तर स्वयंपाकाच्याही पलीकडे गेली आहे. गौरीची पाठवणी करताना मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य दाखवतात, तिने मागे मुरडून पाहावे, पुन्हा यावे म्हणून. ही श्लेषावर उभारलेली रीत आहे. हाताने मुरड घालताना जिने हा शब्द उच्चारला नाही, तिला ती अर्धीच कळेल.

याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे बिघाड सांगणारी क्रियापदे. बेसनाचा लाडू तूप जास्त झाल्याने चपटा झाला, तर लाडू ‘बसला’. साखरेचा पाक एकतारीवरून पलीकडे गेला, तर पाक ‘पुढे गेला’. मोहन अधिक पडले की चकली तेलात ‘विरघळते’, कमी तापल्या तेलात टाकली की ‘तेल पिते’, डब्यात ‘मऊ पडते’. करंजी ‘फुटते’. अनारशाचे पीठ सैल झाले की तो तुपात पडताच पसरून विखुरतो, आणि त्याला म्हणतात अनारसा ‘हसला’. या वाक्यांचे व्याकरण पाहावे. क्रियापदे पदार्थाला कर्ता करतात. करणारी बाई वाक्यात कोठेच नाही. ‘आईने लाडू वळले’ यात आई आहे. ‘लाडू बसले’ यात ती नाही. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून, कुटून, चाळून, गुळात मळून ठेवावयाचे, आणि इतके झाल्यावर एखाद्या नवख्या सुनेचा घाणा बिघडला, तर चारचौघींत उच्चारले जाणारे वाक्य ‘तू बिघडवलेस’ असे नसून ‘अनारसा हसला’ असे असते. सगळ्याच घरांत तेवढ्यावर भागत असे, असे म्हणवत नाही. तथापि भाषेने एक आडोसा तयार ठेवला होता, हे खरे. यश मिळाले तरी ‘यंदा चकल्या जमल्या’ अशीच अकर्मक रचना येते. परंतु तेथे ‘तुला’ हा शब्द लगेच जोडला जातो, आणि ‘हाताला चव आहे’ म्हणून श्रेय पोचते केले जाते. अपयशाच्या वाक्यांना असे शेपूट सहसा लागत नाही.

विशेषणांतही असाच काटेकोरपणा आढळतो. चकली ‘कुरकुरीत’ हवी, करंजी ‘खुसखुशीत’, लाडू ‘रवाळ’, भाजणी ‘खमंग’. कुरकुरीत पदार्थ दाताखाली आवाज करतो. खुसखुशीत पदार्थ आवाज न करता भुगा होतो. करंजीला कुरकुरीत म्हणणे ही स्तुती नव्हे.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने ही विद्या लेखनात आली; माहेर-सासर दोन्ही दूर असलेल्या असंख्य गृहिणींची त्याने सोय केली. छापील कृतीत ‘वळावेत’, ‘थापावेत’ ही क्रियापदे टिकली. बिघाडाची मात्र थोडीच टिकली, कारण कृती लिहिणारा पदार्थ साधेल असे गृहीत धरून लिहितो. पाक बोटांत धरून तार पाहताना मोठीने धाकटीला जे सांगावयाचे ते कामाच्या ओघातच सांगितले जाई. आज शहरांतील पुष्कळ घरी फराळ विकत येतो, परदेशी असलेल्या मुलांना तो डब्यांत बांधून पाठवलाही जातो. यात दुःख मानण्याचे कारण नाही. तीन-तीन आठवडे चुलीपुढे बसणे हा कोणाचा हक्क नव्हता, ओझेच होते, आणि वाचलेल्या वेळात ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये सुरू केलेल्या परंपरेतला एखादा दिवाळी अंक त्या बाईच्या हाती येत असेल तर बरेच झाले. परंतु विकत आणलेल्या ताटातील सगळ्या पदार्थांना मिळून एकच क्रियापद पुरते, ‘आणणे’. लाडू आणले, चकल्या आणल्या, अनारसे आणले. नामे सगळी शाबूत राहतात, म्हणून काही गेले असे वाटतही नाही.

मुलांच्या कामात हा पालट अजून तितकासा दिसत नाही. अंगणात किंवा गच्चीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला ‘रचतात’, त्याला बुरूज ‘काढतात’, मावळे ‘मांडतात’, आणि हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी ‘पेरतात’. चित्रे तयार विकत मिळतात, अलीकडे किल्लाही तयार मिळतो. पण बहुतेक मुले माती स्वतःच कालवतात, आणि चतुर्दशीच्या पहाटे रात्रीतून तट खचलेला आढळला, तर म्हणतात, किल्ला ‘बसला’.