कचारगडचा पिवळा दुपट्टा: ओळखीचा माल विकताना नफा कुठं अडकतो?

व्हिडिओत आपण यात्रेतल्या दुकानाचा हिशोब थोडक्यात पाहिला. इथे तो आकड्यांसकट नीट समजून घेऊ.

आपल्या बिरसीच्या, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला कचारगड वेगळं सांगायला नको. सालेकसा तालुक्यातल्या या गुहा म्हणजे गोंड समाजाचं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. धनेगावच्या रस्त्यावर नजर टाका, सगळीकडे पिवळा रंग! पिवळा फेटा, पिवळा दुपट्टा, पिवळी साडी. कुणी ‘जय सेवा’ म्हटलं की समोरून ‘जय सेवा’ येतंच.

आता धंद्याच्या नजरेनं बघा. इथे गिऱ्हाईक कापड घेत नाही, आपली ओळख घेतो. तो दुपट्टा घालून तो सांगतो, “मी कोण आहे.” म्हणून या मालाचे नियम साध्या कापडाच्या दुकानापेक्षा वेगळे आहेत.

१. नफा शेवटच्या नगांत असतो

समजा, तुम्ही १०० दुपट्टे ६० रुपयांनी घेतले. भांडवल ६,००० रुपये. १०० रुपयांनी ७० विकले, गल्ल्यात ७,००० आले. वर दिसतात १,००० रुपये. पण गाडीभाडं, दुकानाची जागा, जेवणखाण यात तेवढे सहज जातात. मग कमाई कुठं आहे? उरलेल्या ३० दुपट्ट्यांत! ते विकले तर ३,००० तुमचे. नाही विकले तर एवढे दिवस फुकट राबलात.

आता त्या दुपट्ट्यावर तुम्ही ‘कचारगड यात्रा’ आणि साल छापलं असेल, तर यात्रा संपताच तो माल मेला. साधा पिवळा किंवा फक्त ‘जय सेवा’ लिहिलेला असेल, तर तो पुढेही चालतो. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंती, जी २०२१ पासून जनजातीय गौरव दिवस म्हणूनही साजरी होते. शिवाय लग्नसराई आहेच. म्हणून साल छापायचंच असेल तर थोड्याच नगांवर छापा, तेही आगाऊ ऑर्डर असेल तर.

२. एका दिवसाचा माल आणि वर्षभराचा माल

हे फक्त आपल्याकडेच नाही. आयर्लंडचे लोक १७ मार्चला सेंट पॅट्रिकचा दिवस साजरा करतात. अमेरिकेत स्थायिक झालेली आयरिश कुटुंबंही त्या दिवशी हिरवे कपडे घालतात, तीन पानांच्या शॅमरॉकचं चिन्ह लावतात. हिरवी टोपी त्या एका दिवसाची. पण गॉलवेकडची क्लाडा अंगठी (दोन हात, मधे हृदय, वर मुकुट) आणि अॅरन बेटांचा लोकरी स्वेटर वर्षभर विकला जातो. कारण त्यामागे अर्थ आहे आणि वस्तू टिकाऊ आहे.

आपल्याकडेही तसंच करा. गाठोड्यात दुपट्टे ठेवा, सोबत कडे, पैरी, कवड्यांच्या माळा असा टिकणारा माल ठेवा. तो यात्रेत उरला तरी दुकानात विकता येतो.

३. अर्थ विचारल्याशिवाय छापू नका

गोंड समाजात घराण्यांची ओळख देवांच्या संख्येवरून असते: चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. अंदाजानं काहीतरी चिन्ह छापून “हे तुमचंच आहे” असं सांगू नका. सप्तरंगी झेंडा, हत्तीवर सिंह, पारी कुपार लिंगो यांचं चित्र पायपुसण्यावर, चपलेवर अजिबात नको. डिझाइन छापायला टाकण्याआधी गावातल्या भुमकाला, जाणत्या माणसांना दाखवा. एक चुकीचं चित्र तुमचं दुकान कायमचं बंद करू शकतं.

आणि ‘पारंपरिक दागिना’ म्हणून कुणी वाघनख, जनावराचा दात आणून दिला तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा ठरतो. नागझिरा-नवेगावच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा.

४. पैसा कुणाच्या हातात राहतो?

सगळा माल बाहेरून तयार आणला तर ओळख इथल्या लोकांची आणि कमाई भलत्याची. निदान शिलाई, गोंडे, कवड्या ओवणं ही कामं गावातल्या बचत गटाला द्या. नग थोडा महाग पडेल, पण “हे आपल्याच बायांनी केलंय” असं खरं सांगता येईल. या मालात तेच सांगणं विकतं. मात्र यंत्रावरच्या मालाला हातकाम म्हणू नका. गिऱ्हाइकाच्या आईला, आजीला फरक लगेच कळतो.

यात्रेआधी वहीत चार गोष्टी लिहा: किती नग विकले की खर्च निघतो, उरलेला माल पुढच्या कोणत्या तारखेला विकणार, डिझाइन कुणाला दाखवलं, आणि काम गावात कुणाला दिलं. चारही उत्तरं तयार असतील तरच माल भरा. एक जरी जागा कोरी असेल तर पहिल्या वर्षी १०० ऐवजी ४० नगच घ्या.

जय सेवा! पुढच्या व्हिडिओत भेटू.