वजन उतरल्यावर आतडं का अडकतं?

सुट्टीत जळकोटला गेलो की 'सध्या काय वाचतोस?' हा प्रश्न ठरलेला. या वेळी उत्तर होतं, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याला पडणारा पीळ.

आधी एक फरक. २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इमान अहमद यांच्यावर झाली ती 'स्लीव्ह'. तिच्यात जठर कापून अरुंद करतात, आतड्याला हात लावत नाहीत. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये मात्र लहान आतडं कापून, वर ओढून जठराच्या छोट्या पिशवीला जोडतात. आतडं ज्या चरबीच्या पडद्याने पाठीमागे बांधलेलं असतं, त्यात आणि त्याच्यामागे यामुळे फटी राहतात. त्यातल्या एकीला वॉल्टर पीटरसन या जर्मन सर्जनचं नाव आहे. त्याने असा प्रकार १९०० सालीच नोंदवला होता, तोही जठराला आतडं जोडण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर.

गंमत (खरं तर गंमत कसली!) अशी की वजन उतरतं तशी पडद्यातली चरबीही झडते आणि फट रुंदावते. म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणूनच धोका वाढतो, आणि तोही महिन्यांनी, वर्षांनी.

मग फट शिवून टाकावी का? स्वीडनमधल्या १२ रुग्णालयांनी २,५०७ रुग्णांवर हे तपासलं. निकाल 'लॅन्सेट'मध्ये २०१६ ला आला. पहिल्या ३० दिवसांत फट शिवलेल्यांमध्येच गंभीर गुंतागुंत जास्त होती: ४.३ टक्के, न शिवलेल्यांत २.८. टाक्यांमुळे आतड्याचा जोड मुरडत होता. पण ३ वर्षांनी आतडं अडकल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेले शिवलेल्यांत ५.५ टक्के, न शिवलेल्यांत १०.२. अभ्यास महिन्याभरात गुंडाळला असता तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता. तुमच्या प्रस्तावात 'पाठपुरावा किती काळ?' हा रकाना भरताना हे आकडे आठवा. आणि शंभरात दहाला 'दुर्मिळ' म्हणायचं का, हेही बघा.

आमच्याकडे प्रश्न वेगळाच. शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होते, दुखणं दोन वर्षांनी गावात उठतं. जेवल्यावर पोटात कळ येते, जाते, पुन्हा येते. बायपासचं कुणी सांगितलंच नाही, तर ॲसिडिटीची गोळी मिळते. साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या दिसल्या तर निदान होतं. पण कधी कधी तोही स्वच्छ येतो, आणि कळ थांबत नसेल तर दुर्बीण घालून आत पाहावंच लागतं.