रानाला घरची माणसं

धामणगाव रेल्वेहून बडनेऱ्याकडे निघालेली गाडी चांदूर रेल्वे मागे टाकते आणि खिडकीबाहेरचं शिवार बदलू लागतं. तोवर दोन्ही अंगांना काळी माती असते. कपाशी, तूर, सोयाबीन. मालखेडच्या आसपास जमीन उंचसखल होते, मुरूम वर येतो, पळस आणि साग दिसू लागतात. हे पोहरा-मालखेडचं राखीव जंगल. पावसाळ्यात दाट, होळीच्या सुमारास निष्पर्ण होणारं, अस्सल वऱ्हाडी पानझडी रान. त्याची अमरावतीकडची बाजू थेट वडाळीपर्यंत, म्हणजे शहराच्या घरांपर्यंत येते.

अमरावतीनं या टेकड्यांचं पाणी आधी प्यायलं आणि मग त्यांची सावली घेतली. छत्री तलाव १८८८ मध्ये बांधला गेला, तो शहराची तहान भागवण्यासाठी. वडाळीचा तलावही पाणीपुरवठ्यासाठीच. आज तिथे पहाटे फिरायला जाणारी माणसं, बांबू उद्यानात मुलांना घेऊन येणारी कुटुंबं दिसतात. शहराला लागून असं रान असणं हे मोठं भाग्य आहे. पण वऱ्हाडात गेल्या पाऊणशे वर्षांत गावांच्या आणि शहरांच्या कडेला हिरवळ कुठे टिकली याचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ज्या रानाला घरची माणसं मिळाली, ते वाचलं.

पहिलं उदाहरण शहराच्या वेशीवरचंच. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यसैनिक. कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी १९४६ मध्ये काम उभं केलं आणि अमरावतीबाहेरच्या ओसाड माळावर तपोवन वसवलं. गावानं हाकलून दिलेली माणसं तिथे शेती करू लागली, हातमागावर बसू लागली, सुतारकाम शिकली. झाडं लावली ती त्यांनीच, आणि जगवलीही त्यांनीच, कारण तेच आता त्यांचं घर होतं. पटवर्धनांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झालं, शहर त्या दिशेनं सरकत गेलं. माळावर आलेलं हे तपोवन मात्र आपली झाडी राखून राहिलं.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरची गोष्ट याच जातकुळीची. शंकरबाबा पापळकरांनी तिथल्या आश्रमात १२३ बेवारस, दिव्यांग मुलांना सांभाळलं, त्यांना स्वतःचं नाव दिलं. या मुलांनी टेकडीवर सुमारे १५ हजार झाडं वाढवली. पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या मुलांच्या कष्टांचाही तो गौरव होता.

या दोन्ही ठिकाणी एकेका माणसाची जिद्द होती. याच अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी, पायविहीरनं दाखवलं ते वेगळं आहे आणि जास्त महत्त्वाचं आहे. तिथे रान सांभाळणारी एक व्यक्ती नव्हती, ग्रामसभा होती.

वनहक्क कायदा २००६ चा. अंमलात आला ३१ डिसेंबर २००७ ला. त्याच्या कलम ३(१)(झ) नं गावाला सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये १८०९ हेक्टरांवर हा हक्क मिळवून वाट दाखवली. पायविहीरला तो २०१२ मध्ये मिळाला, १९३ हेक्टरांवर. परतवाड्याच्या ‘खोज’ या संस्थेचे कार्यकर्ते गावकऱ्यांच्या सोबत होते. हाती आलेली जमीन चांगली नव्हती. झाडं विरळ, माती वाहून गेलेली, जिकडेतिकडे घाणेरीचं रान. आणि गावात काम नाही म्हणून लोक मजुरीसाठी बाहेर जायचे.

ग्रामसभेनं रोजगार हमीचं काम आपल्याच रानात आणलं. चर खोदले, खड्डे घेतले, रोपं लावली. म्हणजे रान उभं करण्याची मजुरी गावाला मिळाली आणि उभ्या राहिलेल्या रानाचं फळही गावालाच. रोपाला उन्हाळ्यात कोण जपणार, हा वृक्षारोपणातला खरा अवघड प्रश्न इथे घरातच सुटला.

मग सीताफळं. हे झाड मुरमाड उतारावर येतं आणि शेळी त्याच्या पानाला सहसा तोंड लावत नाही, त्यामुळे उजाड रानातही ते तग धरून असतं. अडचण फळाची आहे. डोळे उघडले की दोन-चार दिवसांत ते मऊ पडतं, आणि एकट्यानं टोपलं घेऊन बाजारात बसणारा माणूस संध्याकाळी मिळेल त्या भावानं विकून मोकळा होतो. पायविहीरनं फळं एकत्र आणली, निवडली, खोक्यांत भरली आणि ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावानं मुंबईपर्यंत पोचवली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या भारत जैवविविधता पुरस्कारांत या छोट्या गावाचं नाव आलं. वऱ्हाडातल्या कुठल्याही नेत्याच्या सत्कारापेक्षा मोठी बातमी होती ती.

याच दशकात राज्यभर लागवडीचे आकडे वाढत होते. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडं, अशी शासनाची उद्दिष्टं होती. रोप लावणाऱ्या हातांची कमतरता नव्हती. मे महिन्यातही तिथेच असणारी माणसं किती ठिकाणी होती, हे मात्र त्या आकड्यांत दिसत नाही.

पोहरा-मालखेडकडे परत यायचं ते एका वाघामुळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये चंद्रपूरकडून निघालेला एक नर वाघ धामणगाव तालुक्यात आला. मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी या गावांच्या शिवारात दोन जणांचा बळी गेला. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत बाया शेतात जाईनात. तो वाघ पुढे मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यात पोचला आणि डिसेंबरात सारणीजवळ पकडला गेला. धामणगावच्या लोकांना त्या दिवसांत कळलं की आपली शेतं ही वाघाची वाटसुद्धा आहे. अशा वाटेवरचं प्रत्येक सलग रान वाघाला माणसापासून लांब ठेवतं, म्हणून पोहऱ्याचं जंगल अमरावतीकरांच्या फिरण्यापुरतं नाही. ते धामणगावच्या वेचणीवालीच्या सुरक्षेचंही आहे.

या जंगलाभोवतीच्या गावांना पायविहीरची वाट सोपी नाही. आदिवासी नसलेल्या वननिवासींना कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करायला सांगतो. तरी पुरावे सगळे सरकारी कपाटातच असतात असं नाही. निस्ताराच्या नोंदी, चराईच्या जुन्या पावत्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब, हे सगळं नियमांत बसतं. तेंदूच्या पुढच्या हंगामाआधी एखाद्या ग्रामसभेनं एवढं गोळा करायला बसावं आणि पायविहीरच्या लोकांना आपल्या गावात बोलवावं. अमरावतीतल्या पक्षीमित्रांनी आणि महाविद्यालयांनी दावा लिहायला हात दिला, तर हे काम दोन उन्हाळ्यांत उभं राहू शकतं.