कॉपी की रिमेक? परदेशी ॲक्शन थ्रिलर हिंदीत येतो तेव्हा नेमकं काय होतं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

हे तुमच्याबाबतीत नक्की घडलं असणार. रात्री मोबाइलवर एखादा कोरियन सिनेमा लावलाय. सबटायटल वाचत वाचत वीस मिनिटं होतात आणि डोक्यात ट्यूब पेटते, "अरे, हा तर मी हिंदीत बघितलाय!" लगेच ग्रुपवर मेसेज जातो. एक जण म्हणतो, "चोरलाय रे." दुसरा म्हणतो, "नाही, राइट्स घेतलेत." तिसरा म्हणतो, "घेतले तरी काय, मजा नाही आली."

गंमत म्हणजे हे तिघं तीन वेगळ्या गोष्टी बोलतायत आणि आपण त्यांची खिचडी करतो. परवानगी घेतली का, हा एक प्रश्न. ती गोष्ट इथली झाली का, हा दुसरा. आज हे दोन्ही सुटे करून बघू.

आधी कायदा, सोप्या भाषेत

आर. जी. आनंद नावाचे एक नाटककार होते. 'हम हिंदुस्थानी' हे त्यांचं नाटक. १९५६ साली 'न्यू दिल्ली' नावाचा हिंदी सिनेमा आला आणि आनंद यांना वाटलं, हे तर माझंच नाटक! ते कोर्टात गेले. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला. आनंद हरले.

पण त्या निकालातून जे निघालं, ते आजही वापरलं जातं. कोर्टाचं म्हणणं असं, की नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती कल्पनेच्या मांडणीवर. आणि कसोटी काय? दोन्ही कलाकृती बघितलेल्या सामान्य प्रेक्षकाला 'ही त्याची नक्कल आहे' असं स्पष्टपणे वाटतं का, ही.

उदाहरण घेऊ. 'पोराला पळवलंय आणि बापाच्या हातात एकच रात्र आहे.' ही कल्पना. यावर तुम्ही उद्या सिनेमा लिहू शकता, कुणी अडवणार नाही. पण तो बाप कोण, त्याने आधी काय घोळ घातलाय, कुठल्या प्रसंगानंतर कुठला प्रसंग येतो, कुठे गोष्ट वळते, ही सगळी वीण कुणीतरी बसून लिहिलेली असते. ती उचललीत तर ते दुसऱ्याचे कष्ट आहेत.

२०१० मध्ये मुंबई हायकोर्टात नेमकं हेच झालं. 'फोन बूथ' हा २००२ चा हॉलिवूड थ्रिलर. एक माणूस फोन बूथमध्ये अडकलाय, समोरच्या इमारतीत बंदूकधारी बसलाय, फोन ठेवलास तर गोळी. संजय दत्त आणि इरफान खान यांच्या 'नॉक आउट' वर या सिनेमाची नक्कल असल्याचा दावा मूळ स्टुडिओने केला. न्यायमूर्तींनी साम्य मान्य करून प्रदर्शनाला मनाई केली. पुढे अपिलात, कोर्टात पैसे भरण्याच्या अटीवर सिनेमा थिएटरात आला. निर्मात्यांना जो संदेश जायचा तो गेला.

एकच दिग्दर्शक, तीन सिनेमे

काळ कसा बदलला हे बघायचं तर संजय गुप्ता यांचे तीन सिनेमे ओळीने लावा.

२००२ चा 'कांटे'. दरोडा फसतो, टोळीत पोलिसांचा माणूस कोण यावरून सगळे एकमेकांवर उठतात. बघणाऱ्यांना लगेच टॅरँटिनोचा १९९२ चा 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' आठवला. आता पुढची गंमत ऐका. खुद्द 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'वर हाँगकाँगच्या 'सिटी ऑन फायर' या १९८७ च्या सिनेमाची दाट सावली आहे. म्हणजे ही उचलाउचल फक्त आपल्याकडेच होते असं नाही.

२००६ चा 'जिंदा'. हा कोरियाच्या 'ओल्डबॉय'वरून, पण अधिकृत रिमेक नव्हे. 'ओल्डबॉय'ला २००४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं होतं. ज्या जपानी कॉमिकवरून तो बनला होता, त्याचं श्रेय त्याने दिलं होतं.

आणि २०१५ चा 'जज्बा', ऐश्वर्या राय आणि इरफान खान. हा 'सेव्हन डेज' या २००७ च्या कोरियन थ्रिलरचा अधिकृत रिमेक. रीतसर हक्क घेऊन केलेला.

मधल्या नऊ वर्षांत काय झालं? एक म्हणजे परदेशी स्टुडिओंनी भारतात दुकान थाटलं. २०१४ चा हृतिक रोशनचा 'बँग बँग' आठवा. तो टॉम क्रूझच्या 'नाइट अँड डे'चा अधिकृत रिमेक होता. मूळ सिनेमा फॉक्सचा आणि हिंदी सिनेमा फॉक्सच्याच भारतातल्या कंपनीचा. कंपनी स्वतःच इथे बसलेली असेल तर तिचं कोण उचलणार?

दुसरं कारण तुमच्या हातात आहे. पूर्वी कोरियन सिनेमा बघायचा तर फेस्टिव्हल गाठायचा किंवा कुणाकडून तरी सीडी मिळवायची. आता कुणीही दोन सीन शेजारी शेजारी ठेवून व्हिडिओ टाकतो आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरतो. कोर्टाची ती सामान्य प्रेक्षकाची कसोटी आता रोज मोबाइलवर लागते.

परवानगी मिळाली, पुढे काय?

इथे आपला माणूस येतो. निशिकांत कामत. २०२० मध्ये ते गेले. पण 'डोंबिवली फास्ट' हे नाव घेतलं की आजही लोक पाठ ताठ करून बसतात.

२०१६ मध्ये त्यांनी जॉन अब्राहमला घेऊन 'रॉकी हँडसम' केला. 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' या २०१० च्या कोरियन सिनेमाचा हा अधिकृत रिमेक. एक अबोल माणूस वस्तू गहाण ठेवून घेण्याचं दुकान चालवतो. शेजारच्या लहान मुलीशी त्याची गट्टी आहे. ड्रग्जच्या भानगडीत त्या मुलीला पळवतात आणि मग कळतं, हा दुकानदार साधा नाही. कामतांनी गोष्ट गोव्यात आणली आणि खलनायकाचं कामही स्वतःच केलं.

हक्क विकत घेतलेले, सगळं स्वच्छ. तरी सिनेमा बघताना काहीतरी खटकतं. मला वाटतं, ते त्या दुकानापाशी सुरू होतं. कोरियन सिनेमात ते दुकान त्या गरीब गल्लीचा भाग आहे. पैशाची चणचण असलेला माणूस तिथे कॅमेऱ्याची बॅगसुद्धा गहाण टाकून जातो. आपल्याकडे गहाण म्हटलं की आठवतं सोनं, सराफ, सावकार, आईच्या बांगड्या. ती सगळी लाज, ती घासाघीस वेगळी आहे. 'रॉकी हँडसम'मध्ये दुकान आलं, पण त्याच्याभोवतीची गल्ली आली नाही. शेवटची चाकूची मारामारीसुद्धा मूळच्या इतकी जवळ, की ज्याने मूळ बघितलाय त्याला नवीन काही उरत नाही.

आता याच दिग्दर्शकाचा २००५ चा 'डोंबिवली फास्ट' घ्या. हा काही रिमेक म्हणून आला नव्हता. पण कित्येकांना त्यात १९९३ च्या 'फॉलिंग डाउन'शी साम्य दिसलं. तो जोएल शुमाकरचा, म्हणजे 'फोन बूथ'वाल्याचाच. दोन्हीकडे व्यवस्थेला वैतागलेला साधा माणूस एक दिवस फुटतो. तिथे सुरुवात होते लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिक जॅममध्ये आणि हातात येते बेसबॉलची बॅट. इथे माधव आपटे बँकेत नोकरी करतो, रोज लोकलला लटकतो, आणि त्याच्या हातात येते क्रिकेटची बॅट. साम्य कुठून आलं यावर वाद घाला, पण आपटे हा माणूस आपल्या मजल्यावर राहतो याबद्दल कुणाला शंका आली नाही. सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे कामतांनीच तो माधवनला घेऊन तमिळमध्ये केला.

म्हणून सुरुवातीला म्हटलं, प्रश्न दोन आहेत. हक्काचे कागद केले म्हणून गोष्ट आपोआप इथली होत नाही. आणि गोष्ट इथली वाटली म्हणून परवानगीचा प्रश्नही मिटत नाही. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

एक रात्र, चार शहरं

'न्युई ब्लांश' हा २०११ चा फ्रेंच थ्रिलर. एक पोलीस कोकेनची बॅग लुटतो, माफिया त्याच्या मुलाला उचलतो, आणि सगळा सिनेमा एका रात्रीत, एका नाइटक्लबमध्ये घडतो. यावरून २०१५ मध्ये कमल हासन यांचा तमिळ 'तूंगावनम' आला, २०१७ मध्ये अमेरिकेत जेमी फॉक्सचा 'स्लीपलेस', आणि २०२३ मध्ये शाहिद कपूरचा 'ब्लडी डॅडी'.

अमेरिकनांनी नाइटक्लबच्या जागी लास वेगासचा कसिनो घेतला. हिंदीत आलं गुरुग्रामचं बडं हॉटेल, आणि काळ करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरचा. कोंडून बसलेले लोक बाहेर पडलेत, पैसे बुडालेत, सगळ्यांना घाई झालीय. गोष्टीचा सांगाडा तोच, पण या एका निवडीने तिला इथलं कारण मिळतं. सिनेमा ग्रेट आहे का? मला मधेमधे सैल वाटला. पण 'हे इथेच, आत्ताच का घडतंय' याचं उत्तर त्याने शोधलं तरी.

आणि उलटी गंगा

२०२४ मध्ये थिएटरात आलेला निखिल नागेश भट यांचा 'किल' बघितलात? रांचीहून दिल्लीला निघालेली गाडी, आत दरोडेखोर, आणि एक कमांडो. दरोडेखोर एकाच गोतावळ्यातले आहेत. कुणी काका, कुणी पुतण्या. एक मेला की बाकीचे रडतात आणि मग चवताळून उठतात. आपल्या लांब पल्ल्याच्या गाडीत अख्खी खानदानं एकत्र प्रवास करतात, तसंच हे दरोड्याला निघालंय! 'जॉन विक'च्या दिग्दर्शकाच्या कंपनीने याच्या इंग्रजी रिमेकची घोषणा केली. म्हणजे आता त्यांना डोकं खाजवावं लागणार, की अमेरिकेत असा डबा आणि असा गोतावळा आणायचा कुठून.

मग यातून आपण काय घ्यायचं? पुढच्या वेळी थ्रिलर लावलात की सुरुवातीची श्रेयनामावली पळवू नका. मूळ कथा कुणाची, तिथे नाव आहे का बघा. नसेल आणि सिनेमा ओळखीचा वाटत असेल, तर ग्रुपवर जरूर विचारा. तुमच्यापैकी कित्येक जण शॉर्टफिल्म लिहिता, उद्या तुमची गोष्ट कुणी उचलली तर याच ओळीसाठी तुम्ही भांडणार आहात.

तुम्हाला मूळापेक्षा जास्त आवडलेला हिंदी रिमेक कुठला, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!