दूरचित्रवाणीवरील नाताळचे प्रेमपट



मोठ्या शहरांत मानाची नोकरी करणारी एक तरुणी कांहीं कामानिमित्त एका लहानशा गांवीं येते. तिचा वाङ्निश्चय शहरांतील एका सधन गृहस्थाशीं झालेला असतो. परंतु त्या गृहस्थास फोनवर दोन शब्द बोलण्यापलीकडे सवड नसते. गांवांत एखादी जुनी बेकरी किंवा विश्रामगृह बंद पडण्याच्या बेतांत असतें. तेथें लाकूडकाम करणारा, नाहीं तर नाताळचीं झाडें वाढविणारा, एक देखणा विधुर भेटतो. दोघांचें प्रथम भांडण होतें, मग दोघे मिळून बिस्किटें भाजतात, पुढें कांहीं गैरसमज होतो, आणि नाताळच्या आदल्या सायंकाळीं तो दूर होतो. बेकरी वांचते, बर्फ पडूं लागतो, पहिलें चुंबन होतें आणि चित्रपट संपतो.

हा एका चित्रपटाचा सारांश नव्हे. नांवें आणि धंदे बदलून याच गोष्टीचे शेंकडों चित्रपट अमेरिकेंत दूरचित्रवाणीसाठीं निघालेले आहेत. हॉलमार्क या वाहिनीनें २००९ सालीं नाताळपूर्वींच्या आठवड्यांत असे चित्रपट सलग दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. २०१९ च्या मोसमांत तिनें आपल्या दोन वाहिन्यांवर मिळून ४० नवे चित्रपट दाखविले. लाइफटाइम ही वाहिनीही त्याच वाटेनें गेली. नेटफ्लिक्सनें २०१७ सालीं 'अ ख्रिसमस प्रिन्स' काढून या गोष्टीस एका काल्पनिक राज्याचा राजवाडा जोडून दिला. नेटफ्लिक्सची सेवा भारतांत २०१६ पासून मिळूं लागल्यामुळें मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतही आतां हा बर्फ पडूं लागला आहे.

इतके लोक हे चित्रपट आवडीनें पाहतात; आणि पाहून उठतांना त्यांतील पुष्कळजण म्हणतात, "बरा होता, पण..." या 'पण'च्या पुढें काय असतें, तें शोधण्याचा आज विचार आहे.

त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. इ. स. १८४३ मध्यें लंडन शहरीं हेन्री कोल नांवाच्या गृहस्थानें जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून नाताळच्या शुभेच्छांचें एक कार्ड काढून घेतलें. विक्रीसाठीं छापलेलें हें पहिलें नाताळ-कार्ड समजतात. त्याच्या सुमारें एक हजार प्रती निघाल्या आणि किंमत होती एक शिलिंग. कार्डाच्या मध्यभागीं एक कुटुंब मेजाभोंवतीं बसून हातांतील पेले उंचावीत आहे. परंतु डावीउजवीकडे ज्या दोन चौकटी आहेत, त्यांतील चित्रें निराळीं आहेत. एकींत भुकेलेल्यांस अन्न दिलें जात आहे, दुसरींत उघड्यांस वस्त्र पांघरलें जात आहे. त्याच वर्षीं डिसेंबरांत, त्याच शहरांत, चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यांतील कृपण स्क्रूज सणाच्या आनंदाला पोंचतो खरा, पण त्यापूर्वीं त्याला स्वतःची थडगी पाहावी लागते. तात्पर्य, नाताळची गोष्ट सांगण्याची जी परंपरा त्या काळीं पडली, तिच्यांत मेजवानी मध्यभागीं होती आणि तिच्या दोन्ही बाजूंस भूक व थंडी उभी होती.

आतां हॉलमार्ककडे वळूं. ही मंडळी मूळचीं कार्डवालीं. जॉइस हॉल नांवाचा अठरा वर्षांचा तरुण १९१० सालीं बुटांच्या दोन खोक्यांत पोस्टकार्डें भरून कॅन्सस सिटीस आला, आणि त्या विक्रींतून शुभेच्छापत्रांची प्रचंड कंपनी उभी राहिली. या कंपनीनें दूरचित्रवाणीवर पहिला मोठा नाताळचा प्रयोग केला, तो २४ डिसेंबर १९५१ रोजीं. जान कार्लो मेनॉटी या संगीतकाराची 'आमाल अँड द नाइट व्हिजिटर्स' ही संगीतिका त्या रात्रीं तिच्या आश्रयाखालीं एन्.बी.सी. वरून दाखविली गेली. अमेरिकेंत दूरचित्रवाणीसाठीं मुद्दाम रचून घेतलेली ही पहिली संगीतिका.

तिची कथा ऐकण्यासारखी आहे. आमाल हा लंगडा मुलगा, आणि त्याची आई अत्यंत दरिद्री. नवजात बालकाच्या दर्शनास निघालेले तीन राजे त्यांच्या झोंपडींत रात्रीपुरते उतरतात. सर्व निजले असतां आईची दृष्टि राजांच्या सोन्यावर जाते. आपलें मूल उपाशी, आणि हें सोनें मात्र कोणा अनोळखी बालकासाठीं चाललेलें. हा विचार तिला सोसवत नाहीं. ती चोरी करते आणि पकडली जाते. राजा तिला सोनें ठेवून घेण्यास सांगतो. पण ज्या बालकाकडे तें जावयाचें, त्याच्याविषयीं ऐकून ती तें परत करते. आपल्याकडूनही कांहीं जावें असें तिला वाटतें, पण घरांत देण्यासारखें कांहींच नाहीं. तेव्हां आमाल आपली कुबडी देऊं करतो, आणि त्याच क्षणीं त्याचा पाय बरा होतो. शेवट गोड आहे, चमत्कारही आहे. परंतु तो चमत्कार एका आईच्या चोरींतून आणि एका लंगड्याच्या कुबडींतून आलेला आहे.

तीच कंपनी, तोच सण, तेंच साधन. मग मधल्या काळांत काय झालें? पहिलें कारण व्यवहाराचें आहे. हे प्रेमपट बहुधा सुमारें पंधरा दिवसांत चित्रित होतात. त्यांपैकीं पुष्कळांचें चित्रीकरण कॅनडांत, विशेषतः व्हँकूव्हरच्या परिसरांत चालतें. कारण तेथें निर्मात्यास करांत सवलत मिळते आणि अमेरिकेचा डॉलर अधिक पुरतो. नाताळपूर्वीं माल तयार पाहिजे, म्हणून कित्येकदां भर उन्हाळ्यांत नटनट्यांना लोंकरी कोट घालून उभें राहावें लागतें आणि भोंवतालच्या हिरवळीवर खोटा बर्फ पसरावा लागतो. दोन तासांच्या कार्यक्रमांत जाहिराती मधून मधून यावयाच्या असतात; म्हणून कथेचे बहुधा नऊ तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याच्या शेवटीं प्रेक्षक उठून जाणार नाहीं इतकी उत्कंठा हवी. पण पुढच्या जाहिरातींतील वस्तूंवरून त्याचें मन उडेल इतकें दुःख मात्र नको. शिवाय प्रेक्षकांचे हात भेटवस्तू बांधण्यांत गुंतलेले. अर्धें लक्ष देऊनही धागा सुटूं नये, अशी गोष्ट पाहिजे. अशा हिशेबानें बसविलेल्या गोष्टींतून टोंचणारा भाग आपोआप गळून पडतो.

तथापि घाई आणि काटकसर यांच्यावरच सगळा दोष ढकलणें न्यायाचें नाहीं. १९६५ सालचा 'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस' हा अर्ध्या तासाचा व्यंगचित्रपटही दूरचित्रवाणीसाठींच, थोड्या अवधींत आणि साध्या रेषांत केलेला होता. त्याचा आश्रयदाता कोका-कोला कंपनी. पण त्याचा लहानगा नायक पहिल्यापासूनच सांगतो कीं, सण आला असूनही आपल्याला आनंद होत नाहीं. एवढी एक खरी गोष्ट त्यांत असल्यामुळें तो आजतागायत टिकला.

दुसरा आक्षेप नेहमीं असा घेतात कीं, या चित्रपटांचा शेवट आधींच कळतो. हाही आक्षेप फारसा टिकण्यासारखा नाहीं. कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकास आख्यानाचा शेवट ठाऊक असतो. सीतेचें स्वयंवर कोण जिंकणार याची कोणास शंका नसते, तरी धनुष्य उचलण्याचा प्रसंग आला कीं श्रोते सांवरून बसतात. शेवट माहीत असणें हा दोष नव्हे. शेवटापर्यंत पोंचण्यासाठीं कोणासही कांहीं द्यावें लागत नाहीं, हा दोष आहे.

हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. १९४५ च्या ऑगस्टांत, महायुद्ध संपत असतांना, 'ख्रिसमस इन् कनेटिकट' नांवाचा एक विनोदी चित्रपट अमेरिकेंत प्रदर्शित झाला. बार्बरा स्टॅनविक त्यांत एका मासिकाच्या लेखिकेचें काम करते. आपलें शेत आहे, पति आहे, तान्हें मूल आहे, आपण सुगरण आहोंत, असें ती वाचकांस सांगते. प्रत्यक्षांत ती न्यूयॉर्कमध्यें एकटी राहते आणि तिला स्वयंपाक येत नाहीं. पाककृति एका स्नेही आचाऱ्याच्या. मासिकाच्या मालकास खोटेपणा मुळींच खपत नाहीं. बुडालेल्या युद्धनौकेवरून वांचलेल्या एका खलाशास नाताळाला आपल्या घरीं जेवूं घाल, असा हुकूम तो तिला सोडतो. मग उसनें शेत, उसना पति आणि उसनें मूल यांची धांदल उडते. आपण हंसतों; पण पकडली गेल्यास तिची नोकरी जाणार आणि तिच्या संपादकाचीही जाणार, हें आपण विसरत नाहीं. समुद्रावर तराफ्यांत दिवस काढलेल्या त्या खलाशाची भूकही खरी आहे.

याच कथेवर १९९२ सालीं टी.एन्.टी. वाहिनीसाठीं पुन्हां चित्रपट काढण्यांत आला. दिग्दर्शक होता सुप्रसिद्ध नट आर्नोल्ड श्वार्झनेगर. डायन कॅनन, क्रिस क्रिस्टॉफर्सन आणि टोनी कर्टिस अशीं मोठीं नांवें त्यांत होतीं. सांगाडा तोच ठेवला. परंतु नायिका झाली पाककृतींच्या कार्यक्रमाची नामांकित निवेदिका, आणि खलाशाच्या जागीं आला बर्फांतून एका मुलास वांचविणारा वनरक्षक. खोटें उघडें पडलें तर एका कार्यक्रमाची फजिती होईल. त्यापलीकडे फारसें कांहीं बिघडणार नाहीं. भुकेल्या पाहुण्याच्या जागीं प्रसिद्धीस उपयोगी पडणारा पाहुणा आला, आणि विनोदांतील जीव निघून गेला.

याच्या उलट टोंक पाहावयाचें असेल तर १९४० चा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' पाहावा. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. मूळ नाटक हंगेरींतील मिक्लोश लास्लो यांचें. बुडापेस्टमधील एका दुकानांत काम करणारे दोघे दिवसभर एकमेकांशीं भांडतात, आणि अनोळखी म्हणून एकमेकांसच प्रेमपत्रें लिहितात. येथेंही नाताळची आदली सायंकाळ आहे, बर्फ आहे, शेवटीं मीलन आहे. परंतु नायकाची नोकरी मध्येंच जाते, त्या वेळीं सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवर जी भीति दिसते, ती पोटाची आहे. दुकानाचा मालक मॅटुशेक याचा संसार मोडलेला. त्यानें आत्महत्येचाही प्रयत्न केलेला. त्या सायंकाळीं दुकान बंद झाल्यावर तो रस्त्यावर उभा राहून, आपल्याबरोबर कोणी जेवावयास येईल का, याचा अंदाज घेतो. ज्याला त्याला आपापल्या घरीं जावयाचें असतें. अखेरीस नवा लागलेला हरकाम्या पोऱ्या, ज्याचें त्या शहरांत कोणी नाहीं, त्याच्याबरोबर निघतो. मालक त्याला काय काय खाऊं घालणार, तें हौसेनें सांगत जातो. प्रेमी युगुलाच्या भेटीपेक्षां हे दोघे अधिक काळ लक्षांत राहतात.

नेमका हाच मॅटुशेक आजच्या प्रेमपटांत कोठें दिसत नाहीं. त्यांच्या गांवांत एकटें कोणी उरतच नाहीं. आणि या एकटेपणाशींच आपल्या मूळ प्रश्नाचा संबंध आहे.

डिसेंबर २०१७ मध्यें नेटफ्लिक्सनें जाहीर संदेश काढून सांगितलें कीं, ५३ जणांनीं 'अ ख्रिसमस प्रिन्स' गेले १८ दिवस रोज पाहिला आहे. आणि पुढें थट्टेनें विचारलें कीं, आपणांस एवढें कोणीं दुखविलें? अनेकांना ही थट्टा रुचली नाहीं, आणि तें योग्यच होतें. एकच गोष्ट अठरा दिवस पाहणारा मनुष्य थट्टेचा विषय नव्हे. आजारपण, वियोग, मुलें दूर देशीं गेल्यामुळें सुनें पडलेलें घर, अशा कोणत्याही कारणानें मनुष्य खात्रीच्या गोड शेवटाकडे धांव घेईल. त्याला तो आसरा मिळूं नये असें कोण म्हणेल?

तक्रार प्रेक्षकाविरुद्ध नाहीं. ती त्याला दिलेल्या आसऱ्याविरुद्ध आहे. ज्याच्या घरीं सणाला कोणी येणार नाहीं, तो मनुष्य पडद्यासमोर बसतो. आणि पडद्यावर सर्वांच्या घरीं सर्व आलेले असतात. त्याच्यासारखा तेथें कोणी नसतो. दीड तास हें सुख त्याच्यासमोरून जातें, पण त्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. "बरा होता, पण..." हे शब्द तेथून येतात, असें मला वाटतें. पहिल्या नाताळ-कार्डाच्या कडेच्या दोन चौकटी कापून टाकून फक्त मधली मेजवानी त्याच्या हातीं दिलेली असते.

तरी प्रेमपट पाहावयास बसतांना दोन प्रश्न जवळ ठेवावे. हीं माणसें चुकलीं तर यांचें खरोखर काय जाणार आहे? आणि या गांवांत मेजवानीबाहेर राहिलेलें कोणी आहे काय? दोन्ही प्रश्नांस उत्तर मिळालें तर चित्रपट स्वस्तांतला असो, शेवट माहीत असो, तो वेळ वायां गेला असें वाटणार नाहीं. उत्तर न मिळालें तर हिरमोड कशामुळें झाला, तें तरी समजेल. येत्या नाताळच्या सुटींत ज्यांना सवड असेल त्यांनीं नव्यांपैकीं एक प्रेमपट आणि १९४० चा तो दुकानाचा चित्रपट लागोपाठ दोन सायंकाळीं पाहावे, आणि घरांतील मुलांसही बरोबर बसवावें. दोहोंतील फरक मुलांना बहुधा आपल्याआधीं कळेल.